'खेळीमेळीच्या वातावरणात' : जेम्स ग्रुनिग यांची सममिती आणि आपला जनसंपर्क

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची बातमी ज्यांनी कधी वाचली असेल, त्यांना तिच्यातले एक वाक्य पाठ असेल : 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या प्रसिद्धी विभागात मी अकरा वर्षे नोकरी केली आणि दर वर्षी हे वाक्य लिहिले. हुद्दा लिपिकाचा. काम म्हणजे प्रेसनोट, अहवालातले अध्यक्षांचे मनोगत, गळीत हंगामाच्या शुभारंभाची निमंत्रणे आणि पत्रकारांच्या चहापाण्याची व्यवस्था.

सभासदांनी आपले प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायचे, असा तिथे नियम होता. आलेल्या प्रश्नांचा क्रम लावण्याचे काम माझ्याकडे असे. एका वर्षी एका वयस्क सभासदाने वजनकाट्याबद्दल विचारले होते. बाहेरच्या काट्यावर भरलेले वजन आणि कारखान्याच्या काट्यावर भरलेले वजन यांत फरक का पडतो, एवढाच प्रश्न. 'हा शेवटी ठेवा,' असे मला सांगण्यात आले आणि मी तो शेवटी ठेवला. सभेत एकेक विषय वाचला गेला, 'मंजूर, मंजूर'चा घोष झाला आणि त्या प्रश्नाची पाळी येण्याआधीच राष्ट्रगीत सुरू झाले. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर माणूस उभा राहतो, बोलत नाही. तो सभासदही उभा राहिला. संध्याकाळी मी प्रेसनोट लिहिली. वातावरण खेळीमेळीचे होते.

त्याच सुमारास पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला 'मॅनेजिंग पब्लिक रिलेशन्स' हे जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक मिळाले. लेखक जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट, प्रकाशनवर्ष १९८४. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला सात-आठ महिने लागले. मी जे काम करतो त्याला एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक असे म्हणतो की जनसंपर्काने संस्थेची बाजू लोकांना पटवत बसण्यापेक्षा लोकांचे ऐकून संस्थेला बदलायला लावावे, हे वाचून मी अस्वस्थ झालो. हा माणूस भाबडा आहे की आपण करतो ते काम जनसंपर्कच नव्हे? त्यानंतर ग्रुनिग यांचे आणि त्यांच्या टीकाकारांचे जे जे हाती लागले ते वाचत गेलो. या वाचनातून ग्रुनिग यांच्या अभ्यासकीय कारकिर्दीविषयी माझे जे मत बनले, ते प्रस्तुत लेखात मांडतो आहे. त्यांची जी कल्पना सर्वाधिक गाजली ती त्यांची सर्वोत्तम कल्पना नाही, आणि जी सर्वोत्तम होती ती त्यांनी चुकीच्या माणसाच्या हाती दिली, असे माझे म्हणणे आहे.

कोलंबियातला धडा

ग्रुनिग यांची सुरुवात जनसंपर्कात झालेली नाही. आयोवा या शेतीप्रधान राज्यातल्या विद्यापीठात ते कृषी-पत्रकारिता शिकले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६८ साली त्यांनी जनसंज्ञापनात डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता कोलंबियातल्या बड्या जमीनदारांची निर्णयप्रक्रिया. नंतर त्यांनी तिथल्या छोट्या शेतकऱ्यांचाही अभ्यास केला आणि त्यावरचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाचे मोल कळायचे तर त्या काळची हवा लक्षात घ्यायला हवी. आयोवाचेच सुपुत्र एव्हरेट रॉजर्स यांचे 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' १९६२ साली आले होते आणि त्याचा जगभर बोलबाला होता. नवे बियाणे, नवे खत, नवे तंत्र समाजात कसे पसरते, याची ती मांडणी. तीत लोकांचे पाच वर्ग होते. सगळ्यांत पुढे नवे करून पाहणारे, सगळ्यांत शेवटी मागे रेंगाळणारे. आपल्याकडच्या कृषी विस्तार कार्यक्रमांवरही या विचाराची छाया होती. माहिती पोहोचवा, मन वळवा, शेतकरी बदलेल. तो बदलला नाही तर दोष त्याच्या परंपरागत मनोवृत्तीचा.

ग्रुनिग यांना कोलंबियात वेगळे दिसले. शेतकरी माहिती घेत नाही याचे कारण बहुतेकदा त्याचे अज्ञान नसून त्याची परिस्थिती असते. जमीन तुटपुंजी, कर्ज मिळत नाही, बाजार दूर, अशा माणसाला नव्या तंत्राची माहिती देऊन उपयोग काय? जे करणे हातातच नाही त्याबद्दल तो कशाला ऐकेल? रचना बदलली तर माहितीचा उपयोग, एरवी ती वाया जाते. ज्याला आपण मागासलेपणा म्हणतो ते पुष्कळदा अचूक हिशेबाचे फळ असते, एवढा आदर या निष्कर्षात शेतकऱ्याविषयी आहे. रॉजर्स यांनाही १९७६ साली विकासाच्या जुन्या संज्ञापन-विचाराचा काळ सरला, असे जाहीरपणे लिहावे लागले. ग्रुनिग त्या जागी काही वर्षे आधीच पोहोचले होते.

याच अनुभवातून त्यांचा 'परिस्थितीजन्य जनसमूहांचा सिद्धांत' वाढत गेला. त्याची मुळे जॉन ड्यूई यांच्या १९२७च्या 'द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स' या ग्रंथात आहेत. जनसमूह आयता नसतो. काही लोकांपुढे सारखी अडचण येते, ती त्यांना ओळखू येते आणि ते तिच्यासाठी एकत्र येतात, तेव्हा तो घडतो. ग्रुनिग यांनी याला तपासता येण्याजोगे रूप दिले. एखाद्या प्रश्नावर माणूस माहिती शोधील की नाही हे तीन गोष्टींवर ठरते : प्रश्न आहे हे त्याला जाणवते का, त्यात तो स्वतः किती गुंतलेला आहे आणि आपल्या हातून काही होण्यासारखे आहे असे त्याला वाटते का. तिसऱ्या गोष्टीला ते अडथळ्यांची जाणीव म्हणतात. प्रश्न कळतो, तो आपलाच आहे हेही कळते, पण आपले काही चालणार नाही असे वाटते, तेव्हा माणूस गप्प बसतो.

वजनकाट्यावर नाराज असलेले शेकडो सभासद गप्प का होते आणि एकच जण का बोलला, याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. ऊस तोडायला टोळी कारखानाच पाठवतो. ऊस वेळेवर गेला नाही तर वजनात घट. मुलाची नोकरी, सोसायटीचे कर्ज, सगळे एकाच वर्तुळात. त्यांचे गप्प बसणे म्हणजे संमती नव्हती. मी मात्र ते संमती म्हणून लिहीत होतो.

चार प्रारूपे

१९६९ साली ग्रुनिग मेरीलँड विद्यापीठात आले आणि २००५ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ज्या क्षेत्रात तोवर मुख्यतः निवृत्त पत्रकारांच्या आठवणी आणि कानमंत्र चालत, तिथे त्यांनी सिद्धांत, गृहीतके आणि मोजमाप आणले. हे काम किती मोठे होते हे जुनी पुस्तके चाळली की कळते. एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली 'क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन' लिहिले, न्यूयॉर्कमध्ये या विषयाचे अध्यापनही केले. पण त्यांचा भर, १९४७च्या त्यांच्या प्रसिद्ध शब्दप्रयोगाप्रमाणे, संमतीची अभियांत्रिकी करण्यावर होता. संमती ही पुलासारखी बांधून काढायची वस्तू आहे, हे त्यात गृहीतच होते.

१९८४च्या पुस्तकात ग्रुनिग आणि हंट यांनी जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. पहिले नुसत्या गाजावाजाचे, ज्यात खऱ्याखोट्याची फिकीर नसते. दुसरे माहिती पुरवण्याचे : खरे सांगायचे, पण एकाच दिशेने. तिसरे दुतर्फी पण विषम : लोकांचे मन सर्वेक्षण करून जाणून घ्यायचे, ते कशाने वळेल हे ठरवण्यासाठी. बर्नेज या घरातले. चौथे दुतर्फी आणि सममित : दोन्ही बाजूंनी ऐकायचे आणि गरज पडेल तिथे दोन्ही बाजूंनी बदलायचे.

त्या पुस्तकात एक कोष्टक आहे. अमेरिकेतल्या किती टक्के संस्था कोणते प्रारूप वापरत असतील, याचे आकडे त्यात अनुक्रमे १५, ५०, २० आणि १५ असे दिले आहेत. हे लेखकद्वयाचे अंदाज आहेत, मोजणीतून आलेले आकडे नव्हेत. पण पाठ्यपुस्तकात छापलेला आकडा विद्यार्थ्याच्या मनात वस्तुस्थिती होऊन बसतो. शंभरातल्या पंधरा संस्था लोकांचे ऐकून स्वतःला बदलतात, असा दिलासा त्या शेवटच्या आकड्याने हजारो विद्यार्थ्यांना दिला असेल. मलाही दिला होता. आपला कारखाना उरलेल्या ८५मध्ये आहे, एवढेच मला वाटले.

चार प्रारूपांची ही शिडी शिकवायला सोपी होती आणि पाठ्यक्रमांत ती झपाट्याने रुजली. शिडीत एक नैतिक चढणही होती. खालच्या पायरीवर सर्कशीचा दवंडीवाला, वरच्या पायरीवर संवाद साधणारा व्यावसायिक. व्यवसायाला आपल्याविषयी चांगले वाटावे असे काहीतरी हवे होते, ते सममितीने दिले. सिद्धांताच्या यशात त्याच्या खरेपणाइतकाच त्याच्या सोयीचा वाटा असतो.

सर्वोत्कृष्टतेचा अभ्यास

१९८५ साली व्यावसायिक संज्ञापकांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संशोधन प्रतिष्ठानने ग्रुनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चार लाख डॉलरचे अनुदान दिले. प्रश्न दुहेरी होता : जनसंपर्काचा संस्थेला खरोखर काय उपयोग होतो, आणि तो उत्तम केव्हा ठरतो? अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या तीनशेहून अधिक संस्था तपासल्या गेल्या. लॅरिसा ग्रुनिग आणि डेव्हिड डोझियर हे यातले प्रमुख सहकारी. १९९२, १९९५ आणि २००२ साली या प्रकल्पाची तीन पुस्तके आली.

निष्कर्षांचा सारांश असा. जनसंपर्क प्रमुखाला निर्णय घेणाऱ्या आतल्या वर्तुळात जागा हवी. नुसती प्रेसनोट लिहिणारा कारागीर पुरत नाही, धोरण जाणणारा व्यवस्थापक लागतो. संस्थेच्या आतला संवाद सममित असेल तर बाहेरचाही होऊ शकतो. स्त्रियांना बरोबरीचे स्थान देणाऱ्या संस्थांत जनसंपर्क अधिक चांगला असतो. या मुद्द्यामागे लॅरिसा ग्रुनिग यांचे स्वतंत्र आणि महत्त्वाचे काम आहे. आणि सगळ्यात कळीचा मुद्दा : संस्थेने आपले मोक्याचे जनसमूह ओळखावेत आणि त्यांच्याशी दीर्घ मुदतीचे संबंध बांधावेत.

'मोक्याचे' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

आक्षेप

टीकाकारांनी सममितीला तीन बाजूंनी घेरले. प्रिसिला मर्फी यांनी १९९१ साली खेळ-सिद्धांताच्या आधारे दाखवले की प्रत्यक्षात कोणतीही संस्था निव्वळ सममित वागत नाही, स्वार्थ आणि सहकार्य यांचे मिश्रण असते. ग्लेन कॅमरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली म्हटले की संस्था किती नमते हे परिस्थितीवर अवलंबून असते आणि काही वेळा न नमणे हेच नैतिक असते. ब्रिटनमधून जॅकी लेटँग आणि माग्दा पिएच्का यांनी १९९६च्या संपादित ग्रंथात मुळालाच हात घातला. ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा आहे तो आणि ज्याच्या हाती काही नाही तो, यांच्यातला संवाद सममित कसा असेल?

पहिल्या दोन आक्षेपांना ग्रुनिग यांनी मोकळेपणाने उत्तर दिले. हट्ट न धरता त्यांनी प्रारूप सुधारले आणि दोन्ही टोकांच्या मध्ये उभयपक्षी लाभाचा पट्टा दाखवला. सममिती हा आदर्श आहे आणि तो काही ठिकाणी आचरणातही दिसतो, असे ते म्हणत राहिले. अभ्यासक म्हणून ही वृत्ती दुर्मीळ आहे. तिसऱ्या आक्षेपाला मात्र त्यांचे उत्तर मला कधीच पटले नाही. ते असे की कार्यकर्ते संघटित होतात, संस्थेवर दबाव आणतात आणि मग तिला ऐकावेच लागते. जे संघटित होऊ शकत नाहीत त्यांचे काय?

भोपाळची कसोटी

'मॅनेजिंग पब्लिक रिलेशन्स' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. या योगायोगाला कार्यकारण नाही, पण सिद्धांताची कसोटी म्हणून दुसरे उदाहरण शोधायला नको.

कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्त्यांना ग्रुनिग यांच्या तीन निकषांवर ठेवून पाहू. गुंतलेपण संपूर्ण, कारण श्वास तिथलाच. समस्येची जाणीव अपुरी, कारण आत काय साठवले आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२पासून धोक्याचे इशारे छापत होते. ते कुणी मनावर घेतले नाहीत. आणि अडथळे डोंगराएवढे, कारण राहायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे सिद्धांताप्रमाणे हा सुप्त जनसमूह. सिद्धांत त्यांचे गप्प राहणे अचूक समजावून देतो.

आता हाच जनसमूह सर्वोत्कृष्टतेच्या चौकटीत ठेवा. संस्थेच्या दृष्टीने मोक्याचे कोण? जे तिला अडवू शकतात किंवा मदत करू शकतात ते : सरकार, भागधारक, ग्राहक, वृत्तपत्रे. झोपडीतली माणसे तिला काहीच करू शकत नव्हती. त्यामुळे ती मोक्याची नव्हती. ती मोक्याची झाली ती मेल्यानंतर. आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली ती कंपनी आणि भारत सरकार यांच्यात. ज्यांची फुप्फुसे जळाली त्यांना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती.

कोलंबियात ग्रुनिग शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून विचारत होते की या माणसाला काय अडवते आहे. मेरीलँडमध्ये तोच प्रश्न त्यांनी संस्थेच्या खिडकीतून विचारला, की या माणसाकडे आपण लक्ष द्यावे का. साधन तेच, धरणारा हात बदलला. अडथळ्यांची जाणीव हे शेतकऱ्याची बाजू समजून घेण्याचे साधन होते. ते जनसमूहांची वर्गवारी करण्याचे साधन झाले. कोण बोलेल आणि कोण गप्प बसेल हे आधी कळले की कुणाकडे दुर्लक्ष केले तरी चालते, हेही कळते. ग्रुनिग यांचा हेतू तसा नव्हता याबद्दल मला शंका नाही. पण प्रश्नांचा क्रम लावणाऱ्या लिपिकाचाही हेतू वाईट नसतो.

दक्षिण भारतातून आलेली दुरुस्ती

या कारकिर्दीला आपल्या बाजूने भिडणारे सर्वांत महत्त्वाचे काम ग्रुनिग यांच्याच विभागातून आले. कृष्णमूर्ती श्रीरमेश यांनी मेरीलँडमधल्या आपल्या प्रबंधासाठी दक्षिण भारतातल्या संस्थांमध्ये जाऊन तिथल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांचे काम जवळून पाहिले. १९९२ साली त्यावरचा त्यांचा लेख आला. त्यांना आढळले ते चार प्रारूपांत नीट बसेना. अधिकारी पत्रकारांशी, सरकारी बाबूंशी व्यक्तिगत संबंध जोडत होते. पाहुणचार, भेटवस्तू, अडल्या वेळी मदत, आणि वेळ आली की त्याची परतफेड. या प्रकाराला 'व्यक्तिगत प्रभावाचे प्रारूप' असे नाव मिळाले. १९९५ साली ग्रुनिग दांपत्य, श्रीरमेश आणि इतर सहकाऱ्यांनी भारत, तैवान आणि ग्रीस यांचे अनुभव एकत्र मांडले, तेव्हा हे पाचवे प्रारूप मूळ मांडणीच्या शेजारी येऊन बसले.

आपल्याकडे या प्रारूपाला साधा शब्द आहे : ओळख. 'तुमची ओळख आहे का?' हा प्रश्न तहसील कचेरीपासून दवाखान्यापर्यंत ज्याने कधी विचारला किंवा ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. कारखान्यात माझे निम्मे काम ओळखी सांभाळण्याचेच होते. दिवाळीला कुणाकडे मिठाईचा पुडा, कुणाकडे साखरेचे पोते, कुणाच्या मुलीच्या लग्नाला अध्यक्षांची उपस्थिती, याची एक वही होती. त्या वहीपुढे प्रेसनोटची फाइल दुय्यम.

श्रीरमेश यांच्या कामाचे मोठेपण असे की त्यांनी ही पद्धत मागासलेली म्हणून झटकून टाकली नाही आणि आपली संस्कृती म्हणून तिचा गौरवही केला नाही. सत्तेचे अंतर मोठे असलेल्या समाजात माणूस संस्थेवर विश्वास ठेवत नाही, ओळखीच्या माणसावर ठेवतो, हे त्यांनी दाखवले. पुढे २००३ साली देयान व्हेर्चिच यांच्यासह त्यांनी जागतिक जनसंपर्काचा जो ग्रंथ संपादित केला त्यात राजकीय व्यवस्था, अर्थव्यवस्था, माध्यमे आणि चळवळी यांचा विचार केल्याशिवाय कुठल्याही देशातला जनसंपर्क कळत नाही, ही भूमिका आहे. मेरीलँडच्या चौकटीला भारतीय मातीतून मिळालेली ही दुरुस्ती आहे, आणि गुरूने ती स्वीकारली हे गुरूचेही मोठेपण.

माझी तक्रार एकच. व्यक्तिगत प्रभावाचा अभ्यास झाला तो प्रभाव टाकणाऱ्यांच्या बाजूने. ज्याची ओळख नाही त्याचे काय होते, हा प्रश्न इथेही कडेला राहिला. ओळखीची वही ज्यांच्या नावांनी भरते त्यांच्यावर प्रबंध लिहिता येतो. जी नावे वहीत कधी येत नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा कोलंबियाच्या बांधावर जावे लागते.

मूल्यमापन

आज आपल्याकडे दुतर्फी संवादाचे सांगाडे पुष्कळ उभे राहिले आहेत. १९९७पासून मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परवानगीसाठी जनसुनावणी सक्तीची झाली. तक्रार निवारण कक्ष आहेत, सूचनापेट्या आहेत, लोकशाही दिन आहे. कागदावर हे चौथ्या पायरीवरचे प्रकार. जनसुनावणीला जाऊन आलेला माणूस मात्र सांगेल की मंडपात पुढच्या रांगा कुणी भरल्या होत्या, जाडजूड अहवाल कोणत्या भाषेत होता आणि ध्वनिक्षेपक कुणाच्या हातात होता. संवादाचे रूप सममित असते आणि त्याची व्यवस्था एकाच्या हाती असते. ही गोष्ट पकडायला चार प्रारूपे अपुरी पडतात, कारण ती संदेशाची दिशा मोजतात. व्यवस्था कुणाची, हे मोजत नाहीत. अडथळ्यांची जाणीव ही कल्पना ते पकडू शकते, पण ती गप्प बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून वापरली तरच.

ग्रुनिग यांना भाबडे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. एका बदनाम व्यवसायाला त्यांनी ऐकण्याचे कर्तव्य शिकवायचा प्रयत्न केला आणि त्यासाठी आयुष्य वेचले. १९६८ साली ज्या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली, त्याच्याकडे ते उतारवयातही परत परत आले. २०११ साली जोंग-नाम किम यांच्याबरोबर त्यांनी जनसमूहांच्या सिद्धांताची नवी मांडणी केली, आणि तीत लोक आपला प्रश्न सोडवताना माहितीचे काय करतात, याला मध्यवर्ती स्थान आहे. मला ती सममितीच्या सगळ्या चर्चेपेक्षा जवळची वाटते. मराठीत या विषयाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी चार प्रारूपांचे कोष्टक द्यावेच, पण त्याआधी कोलंबियाचा शेतकरी द्यावा. आपल्या विद्यार्थ्याला तो अधिक लवकर ओळखू येईल.

नोकरी सोडताना मी त्या वर्षीच्या प्रश्नांची फाइल चाळली. वजनकाट्याचा प्रश्न वहीच्या रेघी कागदावर, निळ्या शाईत, खाली अंगठा नव्हे तर सही करून दिलेला होता. वर कोपऱ्यात माझ्या अक्षरात क्रमांक होता : २३. त्या सभेत बावीस प्रश्न झालेच नव्हते, नऊच झाले होते. पण तेवीस हा आकडा माझ्या हातचा आहे. त्या सभासदाला पुढे कधी भेटण्याचे धैर्य मला झाले नाही. हा लेख ज्या प्रश्नापासून सुरू झाला तो त्यांचा होता, एवढी नोंद मात्र इथे केली पाहिजे.